गोदौलियाची संध्याकाळ

पुण्यात २००९ साली ‘डूलाली’ने स्वतः बनवलेली ताजी बिअर विकायला सुरुवात केली आणि मराठी शहरांत चाखत पिण्याची एक नवी रीत हळूहळू रुजली. लाकडी फळीवर लहान लहान ग्लास येतात. आधी गव्हाची बिअर, जिच्यातला लवंग-केळ्याचा वास यीस्टमुळे येतो; मग हॉप्सने कडवट झालेली आयपीए; शेवटी करपवून भाजलेल्या बार्लीची काळी स्टाउट. हलक्याकडून जडाकडे जायचे, म्हणजे आधीची चव नंतरच्या चवीला मारत नाही.

वाराणसीतही बिअर मिळते. पण या शहराची पिण्याची स्वतःची संध्याकाळ वेगळी आहे आणि पुण्याच्या त्या फळीपेक्षा ती कितीतरी जुनी आहे. गंगाआरतीसाठी दशाश्वमेध घाटाकडे लोटणारी गर्दी गोदौलिया चौकातून जाते. तिथेच बादल, बाबा, मिश्रांबु अशी ठंडाईची नावाजलेली दुकाने आहेत. काशीला जाणारा मराठी यात्रेकरू अहिल्याबाईंनी १७८० मध्ये उभारलेले विश्वनाथाचे मंदिर पाहतो, भोसले घाट आणि सिंधिया घाट पाहतो, आणि ठंडाईचा एक पेला घाईत रिचवून परततो. तो एकच पेला सगळ्या ठंडाईचा नमुना समजला जातो, हे या पेयावर अन्याय करणारे आहे.

ठंडाई म्हणजे बदामाचे थंड दूध नव्हे. भिजवून सोललेले बदाम, खरबूज-कलिंगडाच्या बियांचा मगज, खसखस, बडीशेप, वेलदोडे, काळी मिरी, गुलाबाच्या पाकळ्या: हा तिचा मूळ ऐवज. हे सगळे एकत्र वाटायचे, फडक्यातून गाळायचे, मग त्यात दूध आणि साखर. प्रत्येक जिन्नसाचे काम ठरलेले आहे. मगज आणि खसखस दाटपणा देतात. बडीशेपेतल्या अॅनेथोलमुळे साखर कमी असली तरी जीभ गोडवा ओळखते. मिरीतले पायपरीन घोट गिळल्यानंतर घशाशी जाणवते. थंडगार पेय पिऊन मागे उरणारी ती ऊब हीच ठंडाईची खरी ओळख. ज्या पेल्यात ती ऊब नाही, त्यात मिरी कमी पडली आहे किंवा वाटण शिळे आहे असे खुशाल समजावे.

वाटण कुठे आणि कसे झाले, यावर बाकी सगळे अवलंबून असते. पाट्यावर बदाम आणि मगज दाबले जाऊन चेचले जातात. त्यांतले तेल सुटते आणि दुधात नीट मिसळते. यंत्रात तेच जिन्नस वेगाने कापले जातात, तापतात, आणि वेलदोडे-गुलाबाचा वास तिथेच उडू लागतो. बाटलीतल्या सरबतात तर साखर हीच टिकवण्याची युक्ती असल्याने गोडी चढी ठेवावीच लागते. या बाटल्यांमुळेच ठंडाई नाशिक-नागपूरच्या घरांत महाशिवरात्रीला आणि होळीला पोहोचली, हे खरे. पण बाटलीवरून काशीच्या ठंडाईची परीक्षा करता येत नाही.

म्हणून चाखायला बसलेल्याने सुरुवात साध्या ठंडाईने करावी. दुकानदाराचा हात तिच्यात उघडा पडतो. लपायला जागा नसते. त्यानंतर केशराची. केशराचा रंग क्रोसिनचा आणि वास सॅफ्रनालचा, त्यामुळे नुसता पिवळाधमक रंग दिसला म्हणून भुलू नये, आधी हुंगावे. मग पिस्त्याची आणि मोसमानुसार फळाचा रस घातलेली. रबडी वरून सोडलेली ठंडाई शेवटी, कारण साय जिभेवर बसली की पुढचे काही कळत नाही. बव्हेरियात १५१६ सालच्या फर्मानाने बिअरमध्ये पाणी, बार्ली आणि हॉप्स यांखेरीज काही घालायचे नाही असे ठरवून दिले. ठंडाईला असे कोणी बांधले नाही. प्रत्येक दुकानाचे प्रमाण त्याचे स्वतःचे, आणि दोन दुकानांतला फरक हाच या संध्याकाळचा आनंद.

आता भांग. तिच्याशिवाय काशीतल्या ठंडाईचा विषय पुरा होत नाही. गंगेपलीकडच्या वाळूत जाऊन सिलबट्ट्यावर भांग घोटायची, स्नान करायचे आणि संध्याकाळी परतायचे, याला बनारसी माणूस ‘बहरी अलंग’ म्हणतो. फाल्गुन शुद्ध एकादशीला, म्हणजे रंगभरी एकादशीला, विश्वनाथ गौरीला सासरी घेऊन येतो असे काशी मानते आणि गुलालात न्हाते. त्या दिवसापासून होळीपर्यंत ठंडाईला भर येतो, आणि भांगेलाही.

कायद्यात तिची जागा चमत्कारिक आहे. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजाची व्याख्या झाडाचे फुलोरे आणि शेंडे अशी आहे. शेंडे सोबत नसतील तर नुसती पाने आणि बिया त्यातून वगळल्या आहेत. त्यामुळे पानांपासून होणारी भांग राज्यांच्या अखत्यारीत राहिली. उत्तर प्रदेशात ती अबकारी खात्याच्या परवान्याने, पाटी लावलेल्या दुकानांत विकली जाते. महाराष्ट्रात मात्र १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय ती बाळगता येत नाही. तेव्हा काशीत घेतलेली भांगेची गोळी पिशवीत टाकून गाडीत बसणे शहाणपणाचे नाही.

भांगेवर बंदी असावी का, हा प्रश्न इंग्रजांनीही एकदा नीट तपासला होता. १८९३ मध्ये नेमलेल्या ‘हेम्प ड्रग्ज कमिशन’ने देशभर जवळजवळ बाराशे साक्षीदार तपासले. भांगेच्या धार्मिक स्थानावरचे एक सविस्तर टिपण मुंबईचे अधिकारी जे. एम. कॅम्पबेल यांनी आयोगाला दिले होते. माफक सेवनाने सहसा अपाय होत नाही, अतिरेकाने होतो, आणि सरसकट बंदी योग्य नाही, असा निष्कर्ष आयोगाने १८९४च्या अहवालात काढला.

पण अतिरेक कुठे सुरू होतो, हे नवख्याला पेला हातात असताना कळत नाही. भांगेतले मादक द्रव्य पाण्यात नव्हे, स्निग्धांशात विरघळते. दूध आणि बदाम तिच्यासोबत आले ते यामुळेही. पोटातून गेल्यावर यकृतात त्याचे आणखी जोरकस रूप होते आणि परिणाम चढायला अर्ध्या तासापासून दोन तासही लागतात. बिअरचा दुसरा ग्लास मागवताना पहिल्याचा अंदाज आलेला असतो. भांगेत तो आलेला नसतो, आणि ‘काहीच झाले नाही’ म्हणून घेतलेला दुसरा पेलाच माणसाला आडवा करतो. चव समजून घ्यायची असेल तर भांग नसलेली ठंडाई पुरेशी आहे, किंबहुना तीच योग्य. भांगेचा हिरवा कडवट वास मिरी-गुलाबाला झाकून टाकतो.

लस्सीचे घराणे वेगळे. लाकडी रवीने घुसळलेले घट्ट दही, कुल्हडात ओतलेले, वर सायीचा थर. ती पिण्यापेक्षा चमच्याने खाण्याची वस्तू आहे. लंका भागात रविदास गेटजवळची ‘पहलवान लस्सी’ जवळच्या विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी प्यायली. रस्ता रुंदीकरणात २०२५च्या जूनमध्ये ते दुकान पाडले गेले, तेव्हा हळहळ सगळ्या शहराने केली. अशा जागा नकाशावरचा अडथळा म्हणून मोजल्या जाणे क्लेशकारक आहे.

ठंडाईला निदान कागदावर संरक्षण मिळाले. २०२४ मध्ये ‘बनारस ठंडाई’ला भौगोलिक मानांकन लाभले. त्याने नाव राखले जाईल. पाट्यावरचे वाटण राखायचे काम गिऱ्हाइकालाच करावे लागेल, समोर वाटलेली ठंडाई मागून आणि तिचे योग्य दाम मोजून.

दिवाळीनंतर पंधरवड्याने, कार्तिकी पौर्णिमेला, काशीत देवदिवाळी असते. त्या सुमारास थंडी धरू लागते आणि चौखंभा-ठठेरी बाजाराच्या गल्ल्यांत मलइयो दिसू लागतो: आटवलेले दूध रात्रभर उघड्यावर दवात ठेवायचे, पहाटे घुसळायचे आणि वर आलेला केशरी फेस कुल्हडात भरायचा. ऊन चढले की तो बसतो, म्हणून विक्री सकाळचीच. देवदिवाळीला जाणाऱ्यांनी संध्याकाळ गोदौलियासाठी ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी न्याहारीआधी चौखंभा गाठावा. दुपारी गेल्यास रिकामे कुल्हड तेवढे दिसतील.