पोटरीत गोळा आला? आधी पाय ताणा!

रात्री दोन-अडीचचा सुमार असतो. झोपेत आपण पाय लांब करतो आणि एकदम पोटरीत असा गोळा येतो की तोंडातून ओरडच निघते. घरातले सगळे जागे होतात. कुणी तेल आणायला धावते, कुणी पाय दाबू लागते. याला कुणी पेटका म्हणतात, कुणी वांब. स्नायू आपोआप आखडतो आणि सैल व्हायचे नाव घेत नाही. पन्नाशी उलटलेल्यांत आणि गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत ही तक्रार फार आढळते. सकाळी दवाखान्यात मागणी ठरलेली असते, "डॉक्टरसाहेब, कॅल्शियमचे एक इंजेक्शन देऊन टाका!" पण बहुतेकांना त्या इंजेक्शनाची गरज नसते.

गोळा आल्यावर काय करावे?

गुडघा सरळ ठेवा आणि पायाची बोटे हाताने धरून नडगीच्या दिशेने हळूहळू ओढा. हात पोचत नसेल तर चवड्याभोवती पंचा अडकवून दोन्ही टोके ओढा. झटका मात्र देऊ नका. उठता येत असेल तर आधार धरून उभे राहा आणि टाच जमिनीला टेकवून त्या पायावर भार द्या. एक-दोन मिनिटांत गोळा सुटतो. मग हलक्या हाताने चोळा, गरम पाण्याच्या पिशवीने शेका. दुसरा दिवसभर पोटरी ठणकली तरी घाबरू नका.

पुन्हा येऊ नये म्हणून

झोपताना भिंतीपासून हातभर अंतरावर उभे राहा. तळवे भिंतीला टेकवा. एक पाय मागे घ्या, त्याचा गुडघा सरळ आणि टाच जमिनीला टेकलेली हवी. आता पोटरीला ताण बसेपर्यंत पुढे झुका आणि मनात वीस आकडे मोजा. प्रत्येक पायाने तीन वेळा करा. नेदरलँड्समध्ये ५५ वर्षांवरील ८० जणांवर केलेला अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात सहा आठवडे रोज रात्री असा ताण देणाऱ्यांचे पेटके कमी झाल्याचे आढळले. खर्च काही नाही, फक्त नेम हवा. शिवाय अंथरुणात पांघरूण पायाशी घट्ट खोचू नका. त्याने पाऊल खाली दाबले जाते आणि पोटरी आखडते.

उन्हात राबणाऱ्यांचे गोळे

उन्हाळ्यात शेतावर, वीटभट्टीवर घाम गाळणाऱ्यांना येणारे गोळे वेगळे. घामावाटे पाण्याबरोबर मीठही जाते, नुसते पाणी पिऊन ते भरून येत नाही. सावलीत बसा आणि एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून घोट घोट प्या. चमचा चहाचा घ्यावा. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र असे पाणी डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. मूत्रपिंडाच्या रुग्णांना नारळपाणी आणि केळीही बाधू शकतात.

गोळ्यांच्या मागे लागू नका

मॅग्नेशियमच्या गोळ्या हल्ली सर्रास घेतल्या जातात. कॉक्रेन या संस्थेच्या २०२० सालच्या आढाव्यानुसार वयस्कर माणसांच्या पेटक्यांवर त्यांचा विशेष उपयोग होण्याची शक्यता कमीच आहे. पूर्वी क्विनाइन देत असत. त्याने रक्तातील बिंबिका घटण्याचा आणि हृदयाचे ठोके बिघडण्याचा धोका असतो. म्हणून २००६ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पेटक्यांसाठी ते वापरू नये, असा इशारा दिला. उलट लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्यांनी गोळे येऊ शकतात. अशी शंका आली तर औषध स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना दाखवा.

प्रत्येक गोळा साधा नसतो

माझ्याकडे एक साठीचे गृहस्थ आले. विडी तीस वर्षांची. म्हणाले, "बाजारापर्यंत गेलो की पोटरीत गोळा येतो. पाराशी दोन मिनिटे उभा राहिलो की जातो. शक्तीचे सलाईन लावा." मी त्यांना झोपवून पावलावरची नाडी पाहिली, ती हाताला लागेना. पायाच्या रोहिणीत अडथळा होता. अशा माणसाच्या बोटाला साधी जखम झाली तरी ती चिघळून पाय गमावण्याची वेळ येते. त्यांची विडी बंद करवली आणि त्यांना मोठ्या रुग्णालयात पाठवले. चालल्यावर येणारे आणि थांबताच जाणारे दुखणे म्हणूनच कधी अंगावर काढू नये.

दुसरी खूण याहून तातडीची. एकच पोटरी सुजली, गरम लागली, दुखणे सुटेना; त्यात नुकतेच बाळंतपण, शस्त्रक्रिया, पायाला प्लास्टर किंवा लांबचा प्रवास झालेला असला तर नीलेत रक्ताची गुठळी असू शकते. तो पाय चोळू नका, मालिश करू नका. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. त्याच दिवशी दवाखाना गाठा. त्यात धाप लागली किंवा छातीत दुखू लागले तर थेट मोठे रुग्णालय गाठा.

पायात जोर कमी वाटणे, मुंग्या येणे, आठवड्यातून अनेकदा झोपमोड होणे, हेही डॉक्टरांना सांगण्यासारखे. मधुमेह किंवा थायरॉईडचा दोष त्यातून सापडू शकतो. बाकीच्यांनी आज रात्रीपासून भिंतीशी उभे राहावे. सहा आठवडे नेमाने करा आणि मग कॅल्शियमच्या इंजेक्शनाची गरज वाटते का, ते सांगायला या.