खुरपणी-वेचणीत मनगट दुखते? हात वेळीच सांभाळा



बैलाला खांदेसूज आली तर आपण त्याला औताला धरत नाही. चार दिवस विसावा देतो, औषध लावतो, जू कुठे टोचते ते पाहतो. पण स्वतःच्या हाताला मुंग्या येऊ लागल्या, की "काम केलं तर दुखणारच" म्हणून तसेच खुरपे चालवतो. खुरपणी, कापणी, कापूस वेचणी, कांदा कापणी आणि दोन्ही वेळची धार या कामांत एकच हालचाल दिवसातून हजारो वेळा होते. यातली बरीच कामे घरातल्या बायामाणसांच्या वाट्याला येतात आणि वर भाकरी थापणे, धुणे पिळणे असतेच. म्हणून हे पत्रक घरात सर्वांना वाचून दाखवा.

दुखणे कशाने होते?

मनगटाच्या आतल्या अंगाला हाडे आणि एक चिवट पट्टी यांची मिळून एक अरुंद मोरी असते. पाटाचे पाणी रस्त्याखालून न्यायला आपण नळा टाकतो, तशीच. या मोरीतून बोटे वळवणाऱ्या 9 दोऱ्या, म्हणजे स्नायुबंध, आणि एक नस जाते. मनगट वाकवून, जोर लावून तेच काम सारखे केले की या दोऱ्यांभोवती सूज येते. मोरी काही रुंद होत नाही. मग नस दाबली जाते. मधुमेह, थायरॉइडचा विकार किंवा गरोदरपण असेल तर हा त्रास लवकर होतो.

कसे ओळखावे?

1. अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटे आणि अनामिकेचा अर्धा भाग बधीर होतो, मुंग्या येतात. रात्री झोपेतून जाग येते, हात झटकला की बरे वाटते. ही नस दाबल्याची खूण आहे. दोन्ही हातांच्या पालथ्या बाजू एकमेकींना टेकवून, बोटे खाली करून मिनिटभर धरा. मुंग्या वाढल्या तर संशय पक्का समजा.

2. अंगठ्याच्या बाजूचे मनगट दुखते. अंगठा मुठीत धरून मूठ करंगळीकडे हळूच झुकवली की कळ येते. ही अंगठ्याच्या दोऱ्यांची सूज आहे.

3. सकाळी एखादे बोट वळलेलेच राहते आणि सोडवताना 'कट्' होते. बोटाची दोरी अडकू लागली आहे.

अवजारात काय बदल करावा?

मूठ: खुरप्याची किंवा विळ्याची मूठ बारीक असेल तर बोटांना विनाकारण आवळावे लागते. मूठ साधारण 3 ते 4 सें.मी. जाड असावी. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी किंवा सुती चिंधी घट्ट गुंडाळली तरी काम भागते. मूठ आखूड असली तर तिचे टोक तळहाताच्या मध्यावर रुतते. ती तळव्याच्या बाहेर थोडी डोकावेल एवढी लांब ठेवा.

धार: बोथट खुरपे मनगटाचा जीव घेते. रोज सकाळी कानस किंवा दगड फिरवा. भात-गव्हाच्या कापणीला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा दातेरी 'वैभव' विळा चांगला. त्याला वारंवार धार लावावी लागत नाही.

उभ्याने काम: ओळीत पेरलेल्या पिकात सायकल कोळपे चालवा आणि खुरपे फक्त रोपाजवळच्या तणापुरते ठेवा. हाताने पान तोडण्यापेक्षा कात्री बरी, पण तिला स्प्रिंग हवी, म्हणजे ती आपोआप उघडते.

दूध काढणे: अंगठा दुमडून सड दाबू नका. मूठ पद्धतीने काढा. अंगठ्याचा सांधा वाचतो आणि सडालाही इजा होत नाही.

कामाची रीत

मनगट सरळ ठेवा, वाकवायचे ते कोपर आणि खांदा. एक पात संपली की मिनिटभर खुरपे खाली ठेवून बोटे उघडा-मिटा. जमेल तिथे हात बदला. सकाळी खुरपणी केली तर दुपारी दुसरे काम घ्या. हंगामाच्या पहिल्या दिवशीच पूर्ण दिवस ओढू नका, हाताला सवय होऊ द्या.

मजूर लावणाऱ्यांना एक सांगणे. उक्ते काम किंवा किलोवर वेचणी असली की माणूस दुखणे गिळून हात चालवतो. पातीच्या शेवटी पाणी प्यायला दोन मिनिटे दिली, अवजार धारदार दिले, तर काम मागे पडत नाही आणि ऐन सुगीत माणूस घरी बसत नाही.

दुखू लागल्यावर

* ज्या कामाने दुखते ते काही दिवस बंद किंवा निम्मे करा.
* ताजी सूज असेल तर गार पाण्याची घडी 10 ते 15 मिनिटे, दिवसातून दोन-तीनदा ठेवा. जुना ताठरपणा असेल तर कोमट पाण्यात हात बुडवा. बधीर हाताला चटका कळत नाही, म्हणून पाणी आधी चांगल्या हाताने पाहा.
* रात्री मनगट सरळ राहील असा पट्टा बांधा. औषधाच्या दुकानात तो मिळतो. तोवर जाड पुठ्ठ्यावर कापड गुंडाळून सैलसर बांधले तरी चालेल. बोटे सुजली तर सोडा. काही आठवडे नेमाने वापरावा लागतो.
* दुखणे ओसरले की हात समोर ताठ करून दुसऱ्या हाताने पंजा वर, मग खाली हलकेच ओढा. 15 सेकंद धरा. कळ येईपर्यंत ओढू नका.
* सुजलेली नस रगडून घेणे, डाग देणे, घट्ट दोरा बांधणे टाळा. दुकानातून आणून वेदनेच्या गोळ्या रोज खाऊ नका. पोटात जखम होते, मूत्रपिंडालाही धोका असतो.

दवाखान्यात केव्हा जावे?

दोन-तीन आठवड्यांत उतार नसेल, वस्तू हातातून निसटत असतील, किंवा अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा बसलेला दिसला तर थांबू नका. तिथले मांस झिजले की नंतर ऑपरेशन करूनही गेलेली ताकद पुरती परत येईलच असे नाही. वेळेत गेलात तर पट्टा, इंजेक्शन किंवा छोट्या ऑपरेशनने बहुतेकांना आराम पडतो. करंगळीच्या बाजूला बधीरपणा आणि अंगावर न दुखणारा, न खाजणारा फिकट चट्टा असेल तर कुष्ठरोगाची तपासणी करा. सरकारी दवाखान्यात त्याचे औषध मोफत मिळते आणि रोग बरा होतो. एकाएकी एक हात लुळा पडून तोंड वाकडे झाले तर तो हाताचा नव्हे, मेंदूचा झटका आहे. तासाभराचाही उशीर नको, थेट मोठे रुग्णालय गाठा.

थोडक्यात: मूठ जाड, धार तेज, मनगट सरळ, पातीगणिक विसावा. रात्री हात बधीर होऊन जाग येऊ लागली तर हंगाम संपण्याची वाट पाहू नका.