वेळूच्या वनांतील गांव

विवाहांत ऐरिणीदानाच्या वेळीं जें पात्र लागतें तें वेळूचें असतें, व म्हणूनच त्यास वंशपात्र ही संज्ञा आहे. धान्य पाखडण्याचें सूप, तांदूळ धुण्याची रोवळी, देवपूजेच्या फुलांची परडी, हींही त्याच कुळांतलीं. परंतु हा वेळू कोणत्या वनांतून येतो, तो कोण तोडतो, आणि तोडण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न आपल्या घरांत कधीं निघत नाहीं. गडचिरोली जिल्ह्यांतील एका लहानशा गांवापुढें मात्र हा प्रश्न कित्येक वर्षें उभा होता. त्या गांवानें तो कसा सोडविला, हें आमच्या वाचकांस सांगावें असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों.

पूर्वीच्या चांदा, म्हणजे आतांच्या चंद्रपूर जिल्ह्याचा पूर्वभाग तोडून ता. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा करण्यांत आला. रामायणांत ज्या दंडकारण्याचें वर्णन आहे, त्याचाच हा प्रदेश अशी परंपरागत समजूत आहे. जिल्ह्याचा बहुतेक भाग आजही वनाखालीं आहे. साग, मोह, तेंदू आणि वेळूचीं बेटें यांनीं तो भरलेला आहे. या जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यांत मेंढा हें गांव आहे. शेजारच्या लेखा गांवावरून त्यास मेंढा (लेखा) असें म्हणतात. वस्ती सुमारें शंभर घरांची, आणि ती गोंड लोकांची.

या गांवाचें वर्ष आपल्या पंचांगापेक्षां वनाच्या पंचांगावर अधिक चालतें. वसंतांत मोहाचीं फुलें गळूं लागलीं कीं बायकामुलें पहांटे टोपल्या घेऊन झाडाखालीं जातात. कारण दिवस वर आला म्हणजे तीं फुलें गुरें आणि रानांतील जनावरें खाऊन जातात. ज्येष्ठाच्या आगेमागें तेंदूच्या पानांचा हंगाम असतो. सत्तर पानांचा एक पुडा, असे पुडे बांधतां बांधतां घरांतील आजीपासून नातीपर्यंत सर्वांचे हात गुंतलेले असतात. थोड्या दिवसांच्या या श्रमावर वर्षाच्या मीठमिरचीची व कपड्यालत्त्याची सोय व्हावयाची. पाऊस पडला म्हणजे धानाची पेरणी व रोवणी. त्याच दिवसांत वेळूचे कोवळे कोंभ जमिनींतून वर येतात. त्यांची भाजी करतात. मोठ्या पावसांत ओढेनाले भरले म्हणजे आंतल्या भागांतील गांवांचा बाहेरच्या जगाशीं संबंध तुटतो. अशा दिवसांत प्रसूति किंवा हिंवतापाचा झटका आला, तर घरच्या माणसांवर काय प्रसंग गुदरत असेल, हें आमच्या वाचकभगिनींस सांगावयास नको. या जिल्ह्यांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं गांवांतीलच स्त्रियांस नवजात बालकांची शुश्रूषा शिकविली. त्या योगें नवजात बालकांचे मृत्यु निम्म्याहून कमी झाले, हें १९९९ मध्यें ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झालें. खेड्यांतील अल्पशिक्षित स्त्रीच्या हातीं योग्य ज्ञान दिलें, तर ती मोठें काम करते, हें यावरून सिद्ध होतें.

शिक्षकाच्या दृष्टीनें आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. येथील मूल घरीं गोंडी बोलतें. ही भाषा द्राविड कुळांतली. मराठीशीं तिचें सख्खें नातें नाहीं. तेव्हां शाळेच्या पहिल्याच दिवशीं त्या मुलास जें मराठी ऐकूं येतें, तें आपल्या मुलास एकाएकीं तेलुगु ऐकूं यावें तसेंच. असें मूल गप्प बसलें तर त्यास मंद म्हणणें हा अन्याय होय.

आतां वेळूच्या प्रश्नाकडे वळूं. जमीनदारी नष्ट झाल्यावर हें वन सरकारच्या वनखात्याकडे गेलें. गांवकऱ्यांस सरपण वगैरे नेण्याची मुभा होती. परंतु वन सांभाळण्याचा अगर विकण्याचा अधिकार नव्हता. वेळू मात्र ठेक्यानें कागदाच्या गिरणीकडे जात असे. ज्यांच्या अंगणापासून तो वाढला, त्यांस त्यांतून मिळे ती तोडणीची मजुरी.

१९८४ सालीं इंचमपल्ली व भोपालपट्टणम् या नियोजित धरणांविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ हें आंदोलन झालें. बाबा आमटे त्यांत अग्रभागीं होते. तीं धरणें आजतागायत झालेलीं नाहींत. लोक एकत्र आले म्हणजे काय होतें, याचा अनुभव त्यांतून या भागास आला. पुढें मेंढा येथें देवाजी तोफा हे गांवांतलेच गृहस्थ आणि मोहन हिराबाई हिरालाल हे सर्वोदयी विचाराचे कार्यकर्ते यांच्या साहाय्यानें एक निराळाच उद्योग सुरू झाला. ‘दिल्ली-मुंबईत आमचें सरकार, आमच्या गांवांत आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा प्रसिद्ध आहे. परंतु घोषणेपेक्षां त्यामागची शिस्त अधिक मोलाची वाटते. गांवाच्या सभेंत पुरुष व स्त्रिया दोघेही बसतात. निर्णय बहुमतानें होत नाहीं, सर्वसंमतीनें होतो. एकाचें मन वळलें नाहीं, तरी तो विषय पुढच्या सभेवर जातो. शिवाय कायदा असो वा वन असो, त्याचा अभ्यास करण्यासाठीं अभ्यासगट बसतात. आधीं समजून घ्यावें, मग ठरवावें, हा क्रम पाठशाळेंत शोभावा असाच आहे!

हा अभ्यास पुढें उपयोगीं पडला. १९२७ च्या वनकायद्याच्या व्याख्येंत वेळूची गणना वृक्षांत केलेली होती. वृक्ष म्हटला कीं तो लांकूड ठरला, आणि लांकूड सरकारचें. वास्तविक वनस्पतिशास्त्राप्रमाणें वेळू हें तृण आहे. अमरकोशांत वंशाच्या नांवांत ‘तृणध्वज’ हेंही एक नांव आहे. तृणांमध्यें ध्वजासारखा उंच, असा त्याचा अर्थ. आम्हीं हा शब्द वर्षानुवर्षें मुलांकडून पाठ करून घेतला. पण या एका समासावर कोण्या गांवाची भाकरी अवलंबून असेल, हें मनांतही आलें नव्हतें. २००६ च्या वनहक्क कायद्यानें वेळूस गौण वनोपजांत स्थान दिलें, व तें वनवासी गांवाच्या मालकीचें ठरविलें. २००९ सालीं मेंढा आणि शेजारचें मर्दा या गांवांस सामूहिक वनहक्क मिळाला. असा हक्क मिळविणाऱ्या देशांतील पहिल्या गांवांत त्यांची गणना होते. मेंढ्याच्या वांट्यास आलेलें वन सुमारें १८०० हेक्टर आहे.

तथापि कागदावरचा हक्क आणि हातांतला हक्क यांत अंतर राहिलें. वनांतील माल बाहेर नेण्यास वाहतुकीचा परवाना लागतो, आणि तो देणें वनखात्याच्या हातीं होतें. परवाना नाहीं तर गिऱ्हाईक नाहीं, आणि गिऱ्हाईक नाहीं तर मालकी नांवाची. अखेर ता. २७ एप्रिल २०११ रोजीं केंद्रीय मंत्री जयराम रमेश व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण स्वतः मेंढा येथें आले, आणि परवान्यांचें पुस्तक ग्रामसभेच्या हातीं देण्यांत आलें. ज्या जिल्ह्यांत चार दशकें बंदुकीचा आवाज ऐकूं येत आला, तेथें एका गांवानें कायद्याचें पुस्तक उघडून आपला हक्क मिळविला, ही गोष्ट लहान नव्हे.

हक्क मिळाल्यावर मनुष्याची खरी परीक्षा होते. जें आपलें झालें तें एका वर्षांत तोडून विकण्याचा मोह कोणासही व्हावा. बेटांतील कोवळी काठी राखून जून काठीच तोडावी, तरच पुढच्या वर्षीं बेट फुटतें. हा नियम वेळूचा, तोच संसाराचा. मध काढतांनाही मधमाशांचा नाश होऊं नये अशी रीत या गांवानें स्वीकारली. २०१३ सालीं तर विनोबांच्या ग्रामदानाच्या मार्गानें जाऊन गांवकऱ्यांनीं आपल्या खासगी शेतजमिनीही ग्रामसभेच्या स्वाधीन करण्याचा निश्चय केला. भावाभावांत बांधावरून तंटे करणाऱ्या आम्हां सुशिक्षितांस हें वाचून क्षणभर थांबावें लागेल.

मेंढा म्हणजे सारा जिल्हा नव्हे, हेंही सांगितलें पाहिजे. एटापल्ली तालुक्यांत सुरजागडच्या डोंगरावर आज लोहखनिजाची खाण चालू आहे, आणि त्या बाजूच्या गांवांपुढील प्रश्न वेळूच्या प्रश्नाहून फार कठीण आहेत. मेंढ्यास विचार करण्यास पंचवीस वर्षें मिळालीं; सर्वांस तितका अवधि मिळेलच असें नाहीं. म्हणूनच या गांवानें दाखविलेला मार्ग, म्हणजे सर्वांनीं बसून, समजून, एकमतानें ठरविणें, हा इतरांस लौकर कळणें अगत्याचें आहे. आणि आपल्या घरीं पुढच्या कार्यांत वंशपात्र हातीं येईल, तेव्हां मुलाबाळांस त्या शब्दाचा अर्थ सांगतांना या गांवाचेंही नांव सांगावें, एवढीच आमची वाचकांस विनंति आहे.