घरातली शाळा, दोन राज्यांची पुस्तके

कर्नाटकाच्या बिदर-कलबुर्गी सीमाभागातल्या भालकी, औराद, बसवकल्याण किंवा आळंद तालुक्यातल्या मराठी घराने मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवायचे ठरवले, तर गणित कसे शिकवावे याच्याही आधी एक प्रश्न दारात उभा राहतो. पुस्तक कोणत्या सरकारचे घ्यायचे? पुण्यातल्या घराला हा प्रश्न पडत नाही. इथे मात्र पहिलीची मराठी पुस्तके दोन प्रकारची. एक महाराष्ट्राच्या बालभारतीची. दुसरी कर्नाटक सरकारची, कारण ते राज्य आपल्या मराठी माध्यमाच्या शाळांसाठी स्वतःची मराठी पुस्तके छापते. १९५६ पर्यंत उदगीर, निलंगा, अहमदपूर, भालकी आणि औराद हे सगळे हैदराबाद राज्यातल्या एकाच बिदर जिल्ह्यात होते. राज्यपुनर्रचनेत पहिले तीन तालुके मराठवाड्याबरोबर मुंबई राज्यात गेले, उरलेले दोन म्हैसूर राज्यात गेले. सोयरीक अजून पलीकडे होते, दाखला मात्र अलीकडचा लागतो.

कायद्याचे म्हणणे थोडक्यात असे. २००९चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत घालणे हे त्यातल्या दहाव्या कलमाने पालकाचे कर्तव्य ठरवले आहे. पण ते न पाळणाऱ्या पालकाला शिक्षा सांगितलेली नाही. घरशिक्षणाला परवानगी आहे असे कायदा म्हणत नाही आणि बंदी आहे असेही म्हणत नाही. या फटीतच देशभरातले घरशिक्षण चालते. सर्वेक्षणाला आलेल्या शिक्षकाच्या यादीत मात्र असे मूल ‘शाळाबाह्य’ ठरू शकते, आणि आपले मूल शिकते आहे हे त्याला वह्या दाखवून पटवून देण्याचे काम घरच्यांच्या वाट्याला येते.

पुस्तकांच्या निवडीत बालभारतीचे पारडे सहज जड होते. तिची पुस्तके ई-बालभारतीवर फुकट उतरवून घेता येतात, भाषा घरातल्या मराठीच्या जवळची असते, आणि १९७१ पासून निघणाऱ्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंकही फुकट वाचायला मिळतात. अडते ते परिसर अभ्यासाला. तिसरीचे हे पुस्तक बालभारतीने जिल्हावार काढलेले आहे. लातूरच्या मुलाला लातूरचे, सोलापूरच्या मुलाला सोलापूरचे. बिदरचे आणि कलबुर्गीचे अर्थातच नाही. भालकीचे मूल उदगीरचा किल्ला पुस्तकातून शिकेल आणि स्वतःच्या जिल्ह्यातला बिदरचा किल्ला त्याच्या कोणत्याच धड्यात नसेल. उलट कर्नाटकाच्या पुस्तकात आपले राज्य, आपल्या नद्या, आपले कवी हे सगळे आजूबाजूचे आणि परीक्षेत विचारले जाणारे. पण चौथीच्या वर्षी महाराष्ट्रातली मुले जे शिवचरित्र वर्षभर शिकतात, ते इथे वेगळे आणून वाचावे लागते. शहाणपणाचा मार्ग सरमिसळीचा दिसतो: मराठी आणि गणित बालभारतीचे, परिसर आणि समाजविज्ञान कर्नाटकाचे. शाळेला हे करता येत नाही, घराला येते. घरशिक्षणाचा सीमाभागातला खरा फायदा हाच म्हणावा लागेल.

कन्नडचे काय? २०१५च्या कन्नड भाषा शिक्षण कायद्याने राज्यातल्या शाळांना पहिलीपासून टप्प्याटप्प्याने कन्नड सक्तीची केली. हा कायदा शाळांसाठी आहे, घरातल्या शाळेला तो लागू होत नाही. तरी सातबारा म्हणजे इथली पहाणी, बसच्या पाट्या, तहसीलचे अर्ज सगळे कन्नडात असते, तेव्हा सक्ती नाही म्हणून सोडून देण्यासारखा हा विषय नव्हे. लिपी शिकवणे वाटते तितके अवघड नाही. वर्णमालेचा क्रम तोच, बाराखडीला तिथे ‘कागुणित’ म्हणतात, आणि शिरोरेषेच्या जागी अक्षराच्या डोक्यावर ‘तलेकट्टु’ असतो. गोची होते ती ऱ्हस्व-दीर्घ ए आणि ओ यांत. विड्याचे पान म्हणजे एले, वेलदोडा म्हणजे एलक्की. देवनागरीत दोन्हींचा ए सारखाच लिहिला जातो, कन्नडात पहिला ऱ्हस्व, दुसरा दीर्घ, आणि दोघांची अक्षरे वेगळी. पानाचा डबा आणि मसाल्याचा डबा शेजारी ठेवून हा फरक पाच मिनिटांत कळतो. मराठी पुस्तकातून तो कळायला फार वेळ लागतो.

अंकांची गंमत आणखी मोठी आहे. मराठीत ‘एकवीस’ म्हणताना एकक आधी येते, कन्नडात ‘इप्पत्तोंदु’ म्हणताना वीस आधी. मराठीतला एकोणचाळीस म्हणजे चाळीसला एक कमी. कन्नडातला ‘मूवत्तोंबत्तु’ म्हणजे सरळ तीस आणि नऊ. बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या गणितात ‘वीस एक’ असे वाचन आणले तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. सीमेवरचे मूल ही दोन्ही वळणे किराणा दुकानात रोज ऐकते. घरी शिकवणाऱ्याने एवढेच पाहायचे की मूल तेवीसच्या जागी बत्तीस लिहीत असेल, तर त्याला गणित येत नाही असे लगेच ठरवू नये. कान एका भाषेत आणि हात दुसऱ्या भाषेत असू शकतो.

दिवसाची रचना शाळेसारखी करायला गेले की पहिल्याच महिन्यात घर थकते. प्राथमिक वयाच्या एका मुलाला समोर बसवून शिकवायला दोन-अडीच तास पुरतात, कारण हजेरी, रांग, चाळीस वह्या तपासणे यांतले काही नसते. सकाळी भाकरी झाल्यावर, उन्हे चढण्याआधी वाचन आणि गणित. दुपारी कन्नड लेखन. बाकीचे घरकामात आणि रानात. कलबुर्गीला तुरीचे कोठार म्हणतात. तुरीचे पोते किती किलोचे, क्विंटलला भाव काय, डाळ केल्यावर किती उतरते आणि चुणी-फोलपट किती जाते, यात टक्केवारीचा अख्खा धडा येतो. बिदरमध्ये बिदरी काम पाहायला नेले तर रसायनशास्त्र सुरू होते: जस्त जास्त आणि तांबे थोडे अशा मिश्रधातूवर चांदीची तार ठोकतात, मग किल्ल्याची माती आणि नवसागर घातलेल्या पाण्यात वस्तू उकळतात. धातू काळा होतो, चांदी पांढरीच राहते. नौबादचे बहमनी काळातले करेझ, म्हणजे जमिनीखालून पाणी आणणारे बोगदे, पाहिल्यावर उतार आणि भूजल समजावून सांगायला फळा लागत नाही.

बोजा बहुधा आईवर पडतो, हेही मान्य केले पाहिजे. शिकवणे, स्वयंपाक आणि शेजारणीच्या ‘लेकरू साळंला जात नाही का ओ?’ला रोज उत्तर देणे, तिन्ही एकाच बाईने करायचे. दुसरी उणीव सोबत्यांची. २०२० मध्ये करोनाने शाळा बंद पडल्या तेव्हा घरात शिकणे सगळ्यांनीच अनुभवले. सह्याद्री वाहिनीवर बालभारतीच्या पुस्तकांवर आधारलेली ‘टिलीमिली’ ही मालिका घरातल्या वस्तूंतून शिकवत होती, तर कर्नाटकात ‘विद्यागम’ योजनेत शिक्षक गल्लीत, देवळाच्या ओट्यावर पाच-दहा मुले गोळा करून शिकवत होते. घरशिक्षण करणाऱ्या कुटुंबाने दोन्हीकडून उचलण्यासारखे आहे. सोबत्यांसाठी विद्यागमचा ओटा तर विशेषच.

बालभारतीची पुस्तके वाचली म्हणून प्रमाणपत्र मिळत नाही. त्यासाठी बहुतेकांची वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेकडे, म्हणजे एनआयओएसकडे जाते. १९८९ साली राष्ट्रीय मुक्त विद्यालय म्हणून सुरू झालेल्या या संस्थेचे अ, ब, क हे मूलभूत स्तर तिसरी, पाचवी, आठवीच्या बरोबरीचे. दहावीला वय किमान चौदा लागते, किमान पाच विषय घ्यावे लागतात, परीक्षा वर्षातून दोनदा होते, आणि पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. माध्यम मराठी निवडता येते आणि भाषा म्हणून कन्नडही घेता येते, ही इथल्या घरांच्या सोयीची गोष्ट.

पुढची अडचण प्रमाणपत्राने सुटत नाही. कर्नाटकात अभियांत्रिकीसारख्या अभ्यासक्रमांच्या सरकारी जागांसाठी मुख्य अट अशी, की पहिली ते बारावीच्या काळात किमान सात शैक्षणिक वर्षे राज्यातल्या मान्यताप्राप्त संस्थेत शिक्षण झालेले असावे. त्यातच कल्याण कर्नाटकात, म्हणजे बिदर-कलबुर्गीच्या या भागात, राज्यघटनेच्या कलम ३७१जे खाली स्थानिकांसाठी इथल्या संस्थांत ७० टक्के जागा राखीव आहेत. घरात शिकलेल्या वर्षांची शाळेत नोंद नसते. हिशेब सरळ आहे: सहावीत शाळेत नाव घातले तर सहावी ते बारावी बरोबर सात वर्षे भरतात, सातवीत घातले तर एक कमी पडते. शिक्षण हक्क कायद्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे शाळेने अशा मुलाला वयानुरूप वर्गात घ्यायचे असते, त्यामुळे दार उघडे आहे. मात्र त्या वर्गातली मुले पाच वर्षे कन्नड शिकून आलेली असतात. पुढे या वाटेने जाण्याची शक्यता असलेल्या घराने कागुणित पाचवीच्या वयाआतच पक्के करून घ्यावे.