उशाशी एक शिट्टी



३० सप्टेंबर १९९३. पहाटेचे चार वाजायला चार मिनिटं कमी होती. लातूर जिल्ह्यातल्या किल्लारी परिसरात सारे गाढ झोपेत होते आणि अचानक धरणी हादरली. दगड-मातीच्या जाडजूड भिंती धडाधड कोसळल्या. सुमारे १० हजार माणसं दगावली. कितीतरी जण ढिगाऱ्याखाली अडकले.

अशा वेळी अडकलेल्या माणसापुढे मोठा प्रश्न असतो : मी इथं आहे, हे बाहेर कळणार कसं?

माझ्या चौथीच्या वर्गाला मी हेच विचारलं. “बाई, मोठ्ठ्यानं ओरडायचं!” सगळे म्हणाले. मग आम्ही प्रयोग केला. एक मुलगी बंद खोलीत बसून हाका मारू लागली. बाकीचे मैदानाच्या टोकाला. पाचच मिनिटांत तिचा घसा बसला, आणि हाक तर कुणालाच धड ऐकू आली नव्हती! मग तिनं खेळाच्या तासाची शिट्टी फुंकली. सगळ्यांचे कान टवकारले!

कारण सोपं आहे. ओरडताना दम लागतो, घसा सुकतो, नाकातोंडात धूळ जाते. शिट्टीला थोडीशीच फुंक पुरते आणि तिचा तीक्ष्ण आवाज गोंगाटातही वेगळा कळतो. तीन वेळा वाजवायची, थांबून कानोसा घ्यायचा, पुन्हा तीन वेळा. शिट्टी नसेल तर दगडानं भिंतीवर किंवा नळाच्या पाइपवर ठोकायचं. नाकाला रुमाल बांधायचा.

शिट्टीच्या जोडीला आणखी काही वस्तू हव्यात. बॅटरी हवी, अंधारात काडी ओढायची नाही, गॅस गळत असला तर भडका उडेल. पलंगाखाली चपला हव्यात, फुटक्या काचांसाठी. वीज गेली तरी सेलवरचा रेडिओ बातम्या देतो. मोबाइल असेल तर त्यावर खेळत बसू नका, चार्जिंग जपा. फोन लागत नसेल तर छोटा संदेश पाठवून पाहा. मदतीसाठी ११२ हा क्रमांक पाठ करा.

पालकांनो, या वस्तू एका पिशवीत घालून उशाशी ठेवा. महिन्यातून एकदा मुलांकडूनच बॅटरी लावून बघा.

आणि मुलांनो, ही शिट्टी खेळायची नाही हं! ‘लांडगा आला रे आला’ म्हणणाऱ्या मुलाचं काय झालं, ठाऊक आहे ना?