बापाची चिठ्ठी आणि सॅपरचं कमिशन
(सीमाभाग आणि सैन्य : लेखांक ७)

मागच्या लेखांकातली बेळगावच्या मराठा सेंटरच्या भरतीची हकीकत वाचून निपाणीकडच्या एका वाचकांनी विचारलं : मुलगा सिव्हिल इंजिनिअरिंगला आहे, सरहद्दीवर वातावरण तापलेलं आहे, तर त्याला इंजिनिअर्समध्ये कमिशन मिळवून द्यायला कुणाला भेटावं? आणि हळूच पुढे जोडलं, पलटणीपेक्षा ती लाइन बरी ना?

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण पहिल्याचं मूळ त्यातच आहे. लढाईच्या दिवसांत शिकलेल्या मुलाच्या बापाला दोन गोष्टी एकदम हव्या असतात. मुलाच्या खांद्यावर स्टार यावेत आणि मुलगा गोळीपासून लांब राहावा. इंजिनिअर म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे पूल येतो, नकाशा येतो. प्रत्यक्षात सॅपर, म्हणजे सैन्यातला इंजिनिअर, बरेचदा पायदळाच्याही पुढे असतो. सुरुंग पेरलेला रस्ता मोकळा झाल्याशिवाय रणगाडा हलत नाही, आणि तो मोकळा करणारा त्या वेळी सगळ्यांच्या पुढे असतो, बहुधा जमिनीवर पालथा.

खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधलीच दोन नावं पाहा. प्रेमींद्रसिंग भगत हे संयुक्त प्रांतातल्या एका सरकारी एक्झिक्युटिव्ह इंजिनिअरांचे चिरंजीव. १९४१ च्या आरंभी सुदान-ॲबिसिनियाच्या हद्दीवर त्यांनी ९६ तासांत ५५ मैल रस्ता तपासला आणि १५ ठिकाणचे सुरुंग काढले. दोनदा त्यांची गाडी सुरुंगावर उडाली, कानाचा पडदा फाटला, तरी ते थांबले नाहीत. दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे ते पहिले भारतीय अधिकारी.

दुसरे आपल्या बाजूचे. राम राघोबा राणे यांचं मूळ गाव कारवारजवळचं चेंडिया, वडील पोलीस शिपाई. त्यांच्या बदल्यांमुळे मुलाचं शिक्षण तुटक झालं. कमिशनसाठी शब्द टाकावा अशी ओळख शिपायाकडे कुठून असणार? जुलै १९४० मध्ये राणे साधे जवान म्हणून भरती झाले. सर्वोत्तम रिक्रूट म्हणून कमांडंटची छडी मिळवली, ब्रह्मदेशच्या लढाईवर गेले, नाईक, हवालदार, जमादार अशा पायऱ्या चढले. कमिशन मिळालं १५ डिसेंबर १९४७ ला. पुरते चार महिनेही झाले नव्हते, तोच ८ एप्रिल १९४८ ला नौशेरा-राजौरी रस्त्यावर त्यांची तुकडी तोफगोळ्यांच्या माऱ्यात सापडली. दोन जवान गेले, राणे स्वतः जखमी झाले. त्यानंतरचे तीन दिवस ते रणगाड्यांच्या पुढे राहून सुरुंग काढत होते, रस्त्यावर आडवी पाडलेली झाडं उडवत होते. परमवीर चक्र हयातीत स्वीकारणाऱ्या पहिल्या मानकऱ्यांपैकी ते एक. तेव्हा ‘बरी लाइन’ हा विचार डोक्यातून काढून टाकलेला बरा.

आता पहिला प्रश्न, म्हणजे वशिला. तो एके काळी चालायचा, हे नाकारण्यात अर्थ नाही. इंग्रजी अमलात कमिशनचा रस्ता साहेबाच्या मर्जीतून जायचा. घराणं, वडिलांची सरकारदरबारी सेवा, कलेक्टरचा शेरा, या सगळ्याला वजन होतं. १९३९ मध्ये सैन्यात भारतीय अधिकारी शे-पाचशेच्या घरात होते. युद्ध संपेपर्यंत ते आठ हजारांवर गेले. बेळगावच्या कॅम्पातही तेव्हा ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूल होतं. एवढी माणसं घाईनं निवडायची, तर थोडक्या वेळाच्या मुलाखतीवर भागेना. म्हणून १९४३ मध्ये नवी निवड मंडळं आली. मानसशास्त्रीय चाचण्या, मैदानावरची गटानं करायची कामं आणि मुलाखत. माझ्या मते बापाच्या चिठ्ठीची किंमत तिथंच संपली. गंमत अशी, की ही सुधारणा कुणाच्या न्यायबुद्धीतून आली नाही. चुकीचा अधिकारी लढाईत महाग पडतो, या हिशेबातून आली.

तरी आशा सुटत नाही. १९६२ मध्ये चीननं हल्ला केला, आणीबाणी जाहीर झाली, नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. बेळगाव तेव्हा म्हैसूर राज्यात. पण दिल्लीत आपला माणूस आहे, असं इथल्या बापाला वाटलं असेल तर नवल नाही. इमर्जन्सी कमिशनसाठी तरुणांची मोठी भरती झाली, पुण्यात आणि मद्रासला प्रशिक्षणाची सोय झाली. त्या कमिशनची एक बाजू मात्र पालकांच्या ध्यानात उशिरा आली : ते कायमचं नव्हतं. पुढे १९६५ चं युद्ध लढलेल्या कित्येकांनाही काही वर्षांत घरी पाठवलं गेलं, आणि तिशीच्या आसपास नोकरी शोधण्याची पाळी आली. कायम कमिशन आणि मुदतीचं कमिशन यांतला फरक आजही अर्ज भरण्याआधी नीट समजून घ्यावा.

निपाणीच्या वाचकांच्या मुलासाठी सध्याचे मुख्य रस्ते दोन. इंजिनिअरिंगच्या पदवीवर टेक्निकल ग्रॅज्युएट कोर्स, म्हणजे डेहराडूनमार्गे कायम कमिशन. किंवा शॉर्ट सर्व्हिस टेक्निकल, म्हणजे मुदतीचं. धाकटा भाऊ बारावीला असेल आणि फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स घेतलं असेल, तर जेईई मेनच्या आधारावर टेक्निकल एंट्री आहे. निवड मंडळाचे पाच दिवस आणि वैद्यकीय तपासणी यांतून कुणाचीच सुटका नाही. इंजिनिअर्स, सिग्नल्स की ईएमई, हे सैन्य आपली गरज पाहून ठरवतं. अर्ज फक्त सैन्याच्या अधिकृत संकेतस्थळावर भरायचा असतो.

तेव्हा भेटायचं कुणालाच नाही. ‘कमिशन करून देतो’ म्हणणारा कुणी दारात आला, तर त्याला पैसे देऊ नका आणि पोलिसांना कळवा.