वाचनयंत्राचें मोल



हल्लीं ज्याला ई-रीडर म्हणतात, त्या वाचनयंत्राविषयीं आज बोलावयाचें आहे. माझ्यासारख्या पेन्शनराला प्रथम आठवते ती किंमत. परंतु पैसे कोणत्या गुणासाठीं मोजावयाचे हें ठरल्यावांचून किंमत जास्त कीं कमी हें कळणार कसें?

या यंत्राचा पडदा मोबाइलच्या पडद्याहून निराळा. त्यांत केसाच्या जाडीएवढ्या सूक्ष्म पुटिका असून प्रत्येकींत काळे व पांढरे विद्युद्भारित कण असतात. काळे कण वर आले कीं अक्षर उमटतें आणि विजेवांचून तसेंच टिकतें. छापील कागदाप्रमाणेंच हा पडदा आपल्यावर पडलेला प्रकाश परत पाठवितो. म्हणून डोळ्यांना तो सौम्य वाटतो.

खरा गुण अक्षराच्या रेखीवपणाचा. २००७ सालीं अमेरिकेंत पहिलें किंडल निघालें, तेव्हां ३९९ डॉलर देऊनही इंचामागें १६७ ठिपकेच मिळत. २०२२ सालीं त्याच कंपनीच्या सर्वांत स्वस्त यंत्रांतही ३०० ठिपके आले. इंग्रजीचें कमी ठिपक्यांवर भागेल. आपल्या जोडाक्षरांचें भागत नाहीं. 'द्ध' आणि 'द्व' बारीक टाइपांत एकसारखेच दिसूं लागतात आणि वाचणारा अंदाजानें पुढें सरकतो. येथें काटकसर नको.

काटकसर करावी ती साठवणुकींत. सोळा गिगाबाइटांत निव्वळ मजकुराचीं हजारों पुस्तकें मावतात. त्याहून अधिक घेणें म्हणजे दोन माणसांच्या संसाराला पंगतीचें पातेलें आणणें! रंगीत पडद्याचेंही तसेंच: त्यावर रंगीत चित्रांना ठिपके साधारणतः निम्मेच मिळतात आणि पानही किंचित् मळकट दिसतें. कादंबरी वाचणाऱ्याला त्याचा उपयोग काय?

मात्र जुन्या मराठी ग्रंथांच्या छायाप्रती वाचणाऱ्यानें सहा इंची यंत्र स्वस्त म्हणून घेऊं नये. ई-पुस्तकांत अक्षर मोठें केलें कीं ओळी आपोआप नव्यानें जुळतात. छायाप्रत हें चित्रच. तें मोठें केलें कीं ओळ पडद्याबाहेर जाते आणि प्रत्येक ओळीसाठीं पान सरकवावें लागतें. अशा वाचकाला दहा इंची पडदाच हवा, मग तो महाग कां असेना.

आणखी एक गोष्ट किंमतीच्या चिठ्ठीवर लिहिलेली नसते. जुलै २००९ मध्यें अॅमेझॉननें ऑर्वेलच्या कांहीं पुस्तकांच्या विकलेल्या प्रती ग्राहकांच्या यंत्रांतून परस्पर काढून घेतल्या. विक्रेत्याकडे हक्क नव्हते, पैसेही परत दिले आणि पुढें कंपनीनें माफीही मागितली, हें खरें. परंतु आपल्या कपाटांतलें पुस्तक असें कोणी रात्रींतून नेत नाहीं. फेब्रुवारी २०२५ पासून तर विकत घेतलेलें किंडल-पुस्तक संगणकावर उतरवून ठेवण्याची सोयही त्या कंपनीनें बंद केली. तेव्हां दुकानदाराला किंमत विचारतांना हेंही विचारावें कीं, दुसरीकडून आणलेलें ई-पब पुस्तक या यंत्रांत सरळ उघडतें काय?